ट्रॅफिक केसचं कोर्टातलं रेकॉर्ड कसं शोधायचं आणि नक्कल कशी मागायची

गाडीवर केस झाली, कोर्टात जाऊन दंड भरून आलो, विषय संपला असं आपल्याला वाटतं. मग दोन-चार वर्षांनी सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत नाहीतर इन्शुरन्सच्या क्लेममध्ये किंवा परदेशी जायच्या फाइलमध्ये कोणीतरी विचारतं की त्या केसचं पुढे काय झालं, कागद दाखवा. तोवर पावती गेलेली असते, केस नंबर आठवत नाही, वकील फोन उचलत नाहीत, आणि मग माणूस कोर्टाच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या कुणालातरी हजार-दोन हजार देऊन मोकळा होतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तो कागद तुमचाच आहे, तो मागायचा हक्क कायद्याने दिलाय आणि मागायची पद्धत एकदा कळली तर कुणाच्याही मागे फिरावं लागत नाही.

मी महाराष्ट्रापुरतं लिहितोय कारण दर राज्याचं ई-चलान वेगळं आणि दर हायकोर्टाचे नक्कल, म्हणजे सहीशिक्क्याची प्रमाणित प्रत, देण्याचे नियम वेगळे. गोवा मुंबई हायकोर्टाखालीच येतं, म्हणून तिकडच्या कोर्टातली रीत बरीचशी ओळखीची वाटेल, पण गोव्यातलं चलान महाट्रॅफिकवर, म्हणजे महाराष्ट्राच्या ट्रॅफिक पोलिसांच्या ई-चलान साइटवर, शोधत बसू नका, तिथे दिसणार नाही.

आधी केस नक्की कुठे आहे ते बघा

सगळा घोळ इथेच होतो. लोक थेट कोर्टात जातात आणि कळतं की प्रकरण कोर्टात आलंच नव्हतं. किंवा उलटं, ट्रॅफिक चौकीत भांडत बसतात आणि केस केव्हाच कोर्टात जाऊन वॉरंट निघालेलं असतं.

साध्या चलानचे पैसे तुम्ही पोलिसांच्या मशिनवर किंवा ऑनलाइन भरले असतील तर ती मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालची तडजोड असते, म्हणजे प्रकरण पोलिसांकडेच मिटलं, कोर्टात त्याची फाइलच नाही. त्याची नक्कल कोर्ट देऊ शकत नाही, तुम्हाला हवी असते ती चलानची भरलेली पावती. चलान व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे हजर न राहता ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात, गेलं असेल तर रेकॉर्ड ऑनलाइन असतं. आणि दारू पिऊन गाडी चालवल्याची केस असेल, अपघाताचा एफआयआर असेल, किंवा तुम्ही स्वतःच 'मला दंड मान्य नाही' म्हटलं असेल, तर ती नेहमीच्या कोर्टात असते आणि तिथूनच नक्कल घ्यावी लागते. दारूच्या केसबद्दल विशेष सांगतो कारण खूप लोक म्हणतात 'पोलिसांनी जागेवरच मिटवलं'. कलम १८५ची केस जागेवर मिटत नाही, ती कोर्टातच जाते, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा कुणी पैसे घेऊन मिटवलं म्हणत असेल तर केस खरंच दाखल झाली होती का, हे स्वतः तपासा.

हातात पावती असेल तर सोपं आहे. तुमचे पैसे कुणी घेतले ते पावतीवर बघा. पोलिसांची किंवा ऑनलाइन पेमेंटची असेल तर प्रकरण पोलिसांकडे किंवा व्हर्च्युअल कोर्टात, आणि कोर्टाच्या नाझरचा, म्हणजे कोर्टातले पैसे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा, शिक्का असेल तर त्याच कोर्टात फाइल आहे, पावतीवर केस नंबरही बहुतेक लिहिलेला असतो.

आणि हो, आपल्याकडे 'ट्रॅफिक कोर्ट' अशी पाटी गावोगाव नसते. तालुक्याला 'दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी' असं एकत्र कोर्ट असतं, ज्याला सगळे जेएमएफसी म्हणतात, आणि गाडीच्या केसेस तिथेच चालतात. मोठ्या शहरात हे काम ठराविक कोर्टांकडे वाटून दिलेलं असतं. मुंबईच्या जुन्या कागदांवर 'महानगर दंडाधिकारी' दिसेल, १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते पद नाही, त्यामुळे नंतरच्या कागदांवर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असंच दिसतं. कोर्ट तेच, नाव बदललं, एवढ्यावरून गोंधळून जाऊ नका.

चलान बघायचं तर

महाट्रॅफिकच्या ई-चलान साइटवर किंवा त्यांच्या ॲपवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की गाडीवरची चलानं दिसतात. कॅमेऱ्याच्या चलानाला फोटो असतो, तो डाउनलोड करून ठेवा. परराज्यात गाडी गेली असेल तर परिवहनच्या केंद्रीय ई-चलान पोर्टलवर पण एकदा बघा, दोन्ही वेगळ्या सिस्टिम आहेत, एकीकडे काही नाही म्हणजे दुसरीकडे पण नाही असं धरू नका. सेकंडहँड गाडी घेताना हे दोन्ही बघितल्याशिवाय टोकन देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हॉट्सॲपवर 'तुमचं चलान पेंडिंग आहे, ॲप डाउनलोड करा' म्हणून एपीके फाइल येते, ती उघडायचीच नाही. खरी साइट 'गव्ह डॉट इन'वर संपते, खरी पोलिस यंत्रणा व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून ॲप टाकायला सांगत नाही. लोकांची खाती रिकामी झालीत यात, घरातल्या मोठ्या माणसांना आवर्जून सांगा.

व्हर्च्युअल कोर्ट

महाराष्ट्रातलं ट्रॅफिकचं व्हर्च्युअल कोर्ट ऑक्टोबर २०२०मध्ये सुरू झालं, नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या कोर्टातून, म्हणून काही जणांना आपण पुण्यात राहतो आणि कागदावर काटोल कसं असा प्रश्न पडतो. घाबरायचं कारण नाही, काटोलला जावं लागत नाही.

'व्ही कोर्ट्स डॉट गव्ह डॉट इन'वर जाऊन महाराष्ट्राचा विभाग निवडायचा. मोबाइल नंबर, सीएनआर नंबर (कोर्टात प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर), पार्टीचं नाव किंवा चलान-गाडी नंबर, चारपैकी कशानेही शोधता येतं. मी गाडी नंबरानेच शोधायला सांगतो कारण चलानात मोबाइल नंबर जुन्या मालकाचा किंवा शोरूमवाल्याचा असू शकतो. केस उघडली की दंड किती, भरायचा की केस लढवायची हे पर्याय दिसतात. भरला की केस निकाली, पावती तिथेच मिळते, ती लगेच पीडीएफ करून मेलवर स्वतःला पाठवून ठेवा. लढवायची म्हटलं की केस नेहमीच्या कोर्टाकडे ट्रान्सफर होते आणि मग पुढचं सगळं ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातल्या केसेसची माहिती देणाऱ्या सरकारी साइटवर, शोधावं लागतं.

माझ्या ओळखीतल्या एका टेम्पोवाल्या दादांचं असंच झालं होतं, व्हर्च्युअल कोर्टात दंड भरला तरी ई-चलानच्या साइटवर ते चलान पेंडिंगच दिसत होतं आणि गाडी विकायला निघाले तर घेणारा अडून बसला. शेवटी व्हर्च्युअल कोर्टाची पावती आणि 'निकाली' दिसणारं पान जोडून तक्रार टाकली तेव्हा ते निघालं. म्हणून म्हणतो, पावती जपा, दोन सिस्टिम आपोआप जुळतीलच याच्या भरवशावर राहू नका.

ई-कोर्ट्सवर केस शोधणं

इथे थोडा वेळ द्यावा लागतो, पण घरबसल्या होतं आणि फुकट आहे. ई-कोर्ट्स सर्व्हिसेसची साइट किंवा ॲप उघडा, केस स्टेटसमध्ये जा, राज्य, जिल्हा आणि कोर्ट कॉम्प्लेक्स निवडा. जिल्हा निवडताना तुम्ही राहता कुठे हे बघायचं नाही, गुन्हा जिथे घडला ते पोलिस स्टेशन ज्या कोर्टाखाली येतं ते कोर्ट निवडायचं. सातारचा माणूस लोणावळ्यात पकडला गेला तर केस सातारा जिल्ह्यात सापडणार नाही, पुणे जिल्ह्यात शोधावी लागेल. तालुक्याची कोर्टं कॉम्प्लेक्सच्या यादीत वेगवेगळी असतात, एकात नाही मिळालं तर शेजारचं पण बघा.

सीएनआर नंबर असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही. सोळा अक्षरं-आकड्यांचा नंबर असतो, आधी राज्य आणि जिल्ह्याची अक्षरं, पुण्याचा असेल तर सुरुवात एमएचपीयू अशी, मग कोर्टाचा आकडा, मग केसचा नंबर आणि शेवटी वर्ष. हा नंबर एकदा मिळाला की फोनमध्ये, डायरीत, गाडीच्या कागदांच्या फोल्डरवर, सगळीकडे लिहून ठेवा, आयुष्यभर हाच उपयोगी पडतो.

नंबर नसेल तर पार्टी नेमने शोधा. नावाची किमान तीन अक्षरं आणि वर्ष टाकावं लागतं. आणि इथे एक गोष्ट हमखास चुकते, खाली पेंडिंग, डिस्पोज्ड आणि बोथ असे पर्याय असतात, पेंडिंग आधीच निवडलेलं असतं आणि लोक संपलेली केस पेंडिंगमध्ये शोधत बसतात. बोथ निवडा. नावाचं स्पेलिंग पोलिसांनी जसं लिहिलं तसंच असतं, त्यामुळे फक्त आडनाव टाकून बघा, मग फक्त पहिलं नाव, मग स्पेलिंग बदलून. आडनाव आधी की नाव आधी हेही ठरलेलं नसतं. वर्ष गुन्ह्याचं नाही तर केस कोर्टात नोंदली गेली त्याचं असतं, डिसेंबरातल्या नाकाबंदीतली केस पुढच्या वर्षात सापडण्याची शक्यता खूप, तेव्हा पुढचं वर्ष पण तपासा.

नावं खूप निघाली तर केसचा प्रकार बघून चाळा. छोट्या केसेस एससीसी म्हणजे समरी क्रिमिनल केस म्हणून नोंदलेल्या असतात, अपघातात चार्जशीट आलेली असेल तर आरसीसी म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केस असू शकते. चेक बाउन्सच्या केसेस पण एससीसीमध्येच येतात, म्हणून तुमच्याच नावाचा कुणी निघाला तर दचकू नका, उघडून कायदा आणि कलम वाचा. समोरची पार्टी महाराष्ट्र शासन आणि कायदा मोटार वाहन कायदा असेल तर बरोबर मार्गावर आहात.

अपघाताची केस असेल तर एफआयआर नंबराने शोधणं सगळ्यात खात्रीचं. पोलिस स्टेशन, नंबर आणि वर्ष टाकलं की केस समोर येते. एफआयआरच नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर बघता येतात, सुप्रीम कोर्टाने २०१६मध्ये सांगितलंय की संवेदनशील गुन्हे सोडून एफआयआर चोवीस तासांत वेबसाइटवर टाकायचे.

केस उघडली की पानावर नोंदणीची तारीख, कोर्ट नंबर, कलमं, निकालाची तारीख आणि निकालाचं स्वरूप दिसतं, आणि खाली तारखांची यादी. प्रत्येक तारखेवर क्लिक केलं की त्या दिवशी काय झालं ते थोडक्यात येतं. पेंडिंग केसमध्ये स्टेजच्या रकान्यात 'समन्स अनरेडी' किंवा 'एनबीडब्ल्यू अनरेडी' असं काही लिहिलेलं असेल तर नीट लक्ष द्या. एनबीडब्ल्यू म्हणजे अजामीनपात्र वॉरंट आणि अनरेडी म्हणजे ते अजून बजावलं गेलेलं नाही. अशा वेळी नक्कल-बिक्कल नंतर, आधी वकील गाठा आणि स्वतःहून हजर राहून वॉरंट रद्द करायचा अर्ज द्या, पोलिस घरी यायची वाट बघू नका. वकिलाचे पैसे परवडत नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो, त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे, महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना हे मोफत आहे.

साइटवरचं हे पान किंवा तिथून उतरवलेली ऑर्डर माहितीसाठी ठीक आहे, पण ती सहीशिक्क्याची नक्कल नाही. बँक, दूतावास, ट्रिब्युनल यांना सर्टिफाइड कॉपीच लागते.

नक्कल मागणं

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ७६ मध्ये, सरकारी दस्तऐवज बघायचा हक्क असलेल्याला फी भरून प्रमाणित प्रत मिळाली पाहिजे असं आहे. आरोपीसाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०४ आहे, त्यात निकालाची प्रत अर्ज केल्यावर विनाविलंब द्यायची आणि कैदेची शिक्षा झाली असेल तर निकाल लागताच मोफत द्यायची. हे माहीत असलं की काउंटरवर उभं राहताना आवाजात आपोआप फरक पडतो. उपकार मागायला गेल्यासारखं जाऊ नका, पण अरेरावीही नको, त्या टेबलवरच्या माणसाकडे रोज ढीगभर अर्ज येतात आणि नीट भरलेला अर्ज बघून तोही पटकन काम करतो.

काय मागायचं हे आधी ठरवा. बहुतेक लोक लिहितात 'निकालाची नक्कल द्यावी', पण छोट्या ट्रॅफिक केसमध्ये गुन्हा कबूल करून दंड भरला असेल तर पानंच्या पानं भरलेलं निकालपत्र अस्तित्वातच नसतं. समरी ट्रायलमध्ये, म्हणजे छोट्या गुन्ह्यांच्या थोडक्यात चालवलेल्या सुनावणीत, ठरलेल्या नोंदी, आरोपीचा कबुलीजबाब म्हणजे प्ली आणि त्यावरची ऑर्डर, एवढंच असतं. म्हणून अर्जात 'प्ली, अंतिम आदेश आणि संपूर्ण रोजनामा' असं स्पष्ट लिहा. रोजनामा म्हणजे केसमध्ये कुठल्या तारखेला काय झालं त्याची कोर्टाने ठेवलेली नोंद, तुम्ही हजर होतात, दंड भरला, केस संपली हे सगळं त्यात क्रमाने दिसतं आणि परदेशी दूतावासांना नेमकं तेच हवं असतं. अपघाताच्या केसमध्ये दोषारोपपत्र, घटनास्थळ पंचनामा, आरटीओचा गाडी तपासणी अहवाल, जखमीचं मेडिकल सर्टिफिकेट किंवा पोस्टमॉर्टम रिपोर्ट, जे हवं ते एकेक नाव लिहून मागा. निशाणी क्रमांक, म्हणजे फाइलमधल्या कागदाला कोर्टाने दिलेला नंबर, माहीत असेल तर तोही टाका, काम निम्मं होतं.

अर्ज असा लिहिता येतो:

'मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी साहेब, (ठिकाण) यांचे न्यायालयात.
विषय: प्रमाणित नक्कल मिळणेबाबत.
केस: एस.सी.सी. नं. ____ / २०__, सीएनआर नं. ____, महाराष्ट्र शासन विरुद्ध ____. निकाल तारीख ____.
अर्जदार वरील केसमधील आरोपी असून मला खालील कागदपत्रांच्या प्रमाणित नकला हव्या आहेत: १) प्ली, २) अंतिम आदेश, ३) दि. ____ पासून दि. ____ पर्यंतचा रोजनामा. कारण: चारित्र्य पडताळणीसाठी सादर करणे. नियमाप्रमाणे लागणारी फी भरण्यास तयार आहे. नक्कल साधी / तातडीची द्यावी.
अर्जदाराची सही, पत्ता, मोबाइल नंबर, तारीख.'

यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची आणि नक्कल विभागात द्यायचं. काही तालुका कोर्टांत वेगळा नक्कल विभाग नसतो, तेव्हा त्या कोर्टाच्या क्लार्ककडे द्यायचं. छापील फॉर्म बहुतेक ठिकाणी मिळतो, नसेल तर साध्या कागदावर चालतो. पानांप्रमाणे फी लागते, तातडीच्या नकलेला जास्त, आणि अंदाजे रक्कम आधी भरून घेतात. जे काही भराल त्याची पावती घ्या. अर्जाला नंबर पडतो, तो नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, 'ठेवून जा, बघतो' या उत्तरावर निघालात तर नंतर विचारायला हातात काही राहत नाही. नक्कल तयार झाली की बोर्डावर यादी लागते किंवा काउंटरवर कळतं.

केस चालू असेल तर फाइल कोर्टाच्या टेबलवर असते, संपली असेल तर काही काळाने रेकॉर्ड रूमला जाते, आणि अपिलात गेली असेल तर मूळ फाइल सेशन्स कोर्टात मागवून घेतलेली असू शकते. नक्कल विभाग 'फाइल मिळत नाही' म्हणत असेल तर आधी हे तीन ठिकाणी विचारून घ्या.

तुम्ही केसमधले नसाल, म्हणजे उदाहरणार्थ ड्रायव्हरची जुनी केस तपासायची असलेले गाडीमालक, तरी अर्ज करता येतो, पण कारण सविस्तर लिहून प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि साहेबांनी मंजूर केलं तरच मिळते. कोर्टात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं, तेव्हा कुणी पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावत असेल तर थांबा आणि विचारा.

नक्कल हातात आली की तिथेच उभं राहून तपासा. प्रत्येक पानावर शिक्का आणि सही, शेवटच्या पानावर खरी नक्कल असल्याचा शेरा, तुमचं नाव, गाडी नंबर, कलम, दंडाची रक्कम. नकलेवर तीन तारखा पण असतात, अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली आणि दिली कधी. त्या तारखा अपिलासाठी फार महत्त्वाच्या आहेत. सेशन्स कोर्टात अपील करायला तीस दिवस असतात आणि नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ त्यातून वजा होतो, पण हे सिद्ध त्या तारखांवरूनच होतं. गुन्हा कबूल केलेला असेल तर मात्र अपिलाला जागा फार कमी उरते, फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का एवढ्यावरच बोलता येतं, म्हणून घाईघाईत 'गुन्हा कबूल' म्हणायच्या आधी विचार करा.

केस फार जुनी असेल

ऑनलाइन काहीच निघालं नाही म्हणजे केस नव्हती असं नाही. जुन्या केसेस पूर्णपणे कॉम्प्युटरवर चढलेल्या नसतात. अशा वेळी पोलिस स्टेशनमधून गुन्हा नंबर किंवा केस कोर्टात पाठवल्याची तारीख मिळवा आणि कोर्टात रजिस्टर शोधून द्यायचा अर्ज करा, वर्ष आणि पोलिस स्टेशन दिलं तर रजिस्टरमध्ये नाव शोधता येतं. नाझरकडे दंडाच्या पावत्यांची नोंद असते, दंड भरल्याची साधारण तारीख आठवत असेल तर तिथूनही केस नंबर निघतो.

छोट्या केसेसच्या फाइली ठराविक मुदतीनंतर नियमाप्रमाणे नष्ट करतात. तसं झालं असेल तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका. तुमच्या अर्जावरच 'सदर रेकॉर्ड नष्ट केले आहे' असा लेखी शेरा, सही-शिक्का आणि तारखेसह मागा. पडताळणी करणाऱ्या ऑफिसला हा शेरा दाखवता येतो. 'साहेब म्हणाले फाइल नाही' याला कोणी विचारत नाही.

माहिती अधिकार कुठे चालतो

कोर्टाच्या फाइलमधल्या कागदांसाठी आरटीआय टाकू नका. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२०मध्ये गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सांगितलंय की कोर्टाच्या नियमात नक्कल मिळायची सोय आहे तर त्याच मार्गाने जा. पण ट्रॅफिक पोलिसांकडचे कागद आरटीआयने मागता येतात आणि चलान लढवणाऱ्यासाठी खरं बळ तिथेच आहे. स्पीड गनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (मशिन अचूक असल्याचा दाखला), त्या ठिकाणी वेगमर्यादा ठरवल्याची अधिसूचना, चलानचा मूळ फोटो किंवा व्हिडिओ, नोटीस कधी पाठवली त्याची नोंद, हे मागा. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे कॅमेऱ्याच्या चलानाची नोटीस गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत पाठवायची आणि इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड चलान निकाली निघेपर्यंत जपून ठेवायचं असतं, त्यामुळे 'फोटो आता नाही' हे उत्तर पटण्यासारखं नाही.

अर्ज राज्याच्या ऑनलाइन आरटीआय पोर्टलवर किंवा जोडपत्र 'अ'मध्ये कागदावर, दहा रुपये फी. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, म्हणून गोष्ट सांगत बसू नका, कागदांची नावं लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील टाका.

लोकअदालत

लोकअदालतीत चलान मिटवलं असेल तर तिथल्या निवाड्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. नंतर हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत अर्ज करावा लागतो आणि पॅनेल नंबर, तारीख नसेल तर शोधायला त्रास होतो.

अपघातात घरातलं माणूस गेलं असेल तर

यांच्यासाठी वेगळं लिहितो, कारण यांना कागद शोधायची ताकदच नसते आणि नेमका वेळ कमी असतो. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे एमएसीटीत होतो आणि १ एप्रिल २०२२पासून कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. फौजदारी केसचा निकाल लागायची वाट बघू नका. तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो, पीडितांना त्याच्या प्रती मिळायला हव्यात, त्या मागा. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टम, समोरच्या गाडीचा इन्शुरन्स आणि ड्रायव्हरचं लायसन्स, एवढे कागद आधी जमवा, चार्जशीटची नक्कल ती कोर्टात आल्यावर जोडता येते. नातेवाइकांपैकी एकाने सगळे अर्ज, नंबर, तारखा एका वहीत लिहून ठेवल्या तर खूप फरक पडतो.

परदेशात असाल तर

भारतात झालेली ड्रंक ड्रायव्हिंगची केस कॅनडासारख्या देशात फार गंभीर धरतात, डिसेंबर २०१८ला तिकडे त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढवली, तेव्हापासून जास्तच. पोलिस क्लिअरन्स मिळालं तरी फॉर्ममध्ये केस विचारतात, लपवू नका, कोर्टाची नक्कल जोडा. त्यासाठी स्वतः यायची गरज नाही. वकिलाला वकीलपत्र देता येतं, किंवा भावाला-वडिलांना अधिकारपत्र देता येतं, बाहेरून पॉवर ऑफ अटर्नी पाठवायची असेल तर भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवा. अर्ज करतानाच दोन प्रती मागा, एक फाइलला आणि एक घरी. रोजनामा आणि प्ली बहुतेक वेळा मराठीत, त्यातही हाताने लिहिलेली असते, म्हणून भाषांतरकाराला मूळ नकलेचा स्वच्छ स्कॅन द्या आणि भाषांतरातलं नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणेच ठेवायला सांगा. कोर्टाच्या कागदावर स्पेलिंग वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र सोबत लावा.